सातवी ओळ

सर्व्हरमध्ये प्रोसेसर बसवताना एकानं कागदावरच्या सूचना एकेक करून मोठ्यानं वाचायच्या आणि दुसऱ्यानं काम करायचं, असा नियम होता. जोडीदाराची बदली झाल्यापासून संघपाल एकटाच उरला होता. म्हणून आज त्यानं अफझलगंजहून बसनं येणाऱ्या वॉचमन भगवंतरावांना आत बोलावलं आणि स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलेला कागद त्यांना दिला. भगवंतराव चष्मा लावून वाचू लागले.

"मनगटाला स्थिर विजेपासून वाचवणारा पट्टा बांधलास?"

"हौ काका, बांधला."

"प्रोसेसर काठानंच धरलास? खालच्या बाजूला बोट नाही ना लागलं?"

"नाही."

"प्रोसेसरवरचा त्रिकोण खाचेवरच्या त्रिकोणाला जुळला?"

"जुळला."

"जोर न लावता बसला?"

"बसला."

उत्तर आलं की भगवंतराव त्या ओळीपुढं टिक करत. वरचा पंखा चढवून, स्क्रू आवळून झाले, तेव्हा कागदावरच्या सहाही ओळींपुढं टिक झाली होती. संघपाल मनगटाचा पट्टा सोडू लागला.

"थांब, एक राहिली," भगवंतराव म्हणाले आणि कागदाच्या तळाशी त्यांनी स्वतःच एक ओळ लिहिली. "सातवी. जेवलास का?"

संघपालनं मान वर केली नाही. "नाही," तो म्हणाला.

भगवंतरावांनी पेन खिशाला लावलं.

"मग इथं टिक नाही करता येत मला."