सातवी चाचणी

सातवी चाचणी एकटी चालवली की पास व्हायची. सगळ्यांबरोबर चालवली की नापास.

धुळ्याच्या ऑफिसात ज्योत्स्ना सकाळपासून कोडच्या त्याच ओळींकडे बघत होती. प्रोग्राम केळी पिकवायच्या चार बंद खोल्यांचा होता. आत गुदमरवणारा गॅस किती साठलाय त्याचा आकडा घेऊन तो दारावरचा दिवा लाल किंवा हिरवा करी. हिरवा असेल तरच माणसाने आत जायचं. सोनगीरजवळच्या गोदामात तो कालच बसवला होता, आणि तिथला सुपरवायझर तिचा नवरा, हेमराज. मी सांगेपर्यंत दिव्यावर विसंबू नका, असं तिने त्याला दोनदा बजावलं होतं.

सातव्या चाचणीत खोलीचा आकडा आलेलाच नसे. दिवा लाल हवा. तो हिरवा येई.

दुपारी तिचा वरिष्ठ संयम जळगावहून फोनवर आला. कोड बघून त्याने लगेच दोष सांगितला. बाकीची फंक्शन्स काही लक्षात ठेवत नव्हती. पण आकडे आणणारी सर्व्हिस शेवटचा आकडा धरून ठेवी, आणि सगळ्या चाचण्या ती एकच सर्व्हिस वापरत. सहावीतला स्वच्छ हवेचा आकडा सातवीला मिळत होता. प्रत्येक चाचणीला कोरी सर्व्हिस दे, तो म्हणाला.

तिने दिली. चाळीसच्या चाळीस पास. क्रम उलटा केला, तरी पास. मूळ प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागली नाही, याचं तिला फार बरं वाटलं. तिने हेमराजला फोन लावला.

"अहो, झालं सगळं. आता दिवा बघून जा आत."

पहिल्या खोलीतली हवा बदलून माल काढून झालाय, आता दुसरी उघडतो, असं तो म्हणाला.

तिने चहा मागवला. तेवढ्यात संयमचा परत फोन. तो कामाची नोंद लिहीत होता.

"गोदामात प्रत्येक खोलीला वेगळी सर्व्हिस आहे ना?"

"नाही, चारही खोल्यांना एकच..."

म्हणजे दुसरीचा आकडा आला नाही, तर तिला पहिलीतल्या स्वच्छ हवेचा आकडा मिळणार. तिने संयमचा फोन तोडून हेमराजचा नंबर लावला. बरीच रिंग गेली. उचलला तो प्रेमराजने, तिथल्या हमालाने.

"हेमराजभाऊ दुसरी खोलीमा मझार गयात, ताई," तो म्हणाला. "दिवा हिरवाच व्हता."