लाल रेषेच्या खाली

"इथून डावीकडे," आकडेबाई म्हणाली, तोवर ड्रायव्हरने गाडी पुढे दामटली होती.

"तुम्ही आलाय का इथे आधी?" साहेबांनी विचारलं.

"नकाशात पाहिलं होतं."

नव्या लशीनंतर किती बाळांना झटके आले, याचा आलेख ती दर आठवड्याला काढायची, म्हणून ऑफिसात तिचं नाव आकडेबाई. आलेख लाल रेषेला टेकला की लस थांबवून चौकशी करायची, हा नियम तिनेच घालून दिलेला. आता एकाच नोंदीची कसर होती. लशीवर तिचा केवढा भरवसा! सगळ्यांच्या आधी स्वतःच्या बाळाला टोचून घेतलं होतं. तो फोटो अजून ऑफिसच्या दारात लावलेला होता.

दवाखान्यातली सिस्टर पिकल्या केसांची. साहेबांना पाहून ती लगबगीने उठली.

"याच बाकावर एका बाळाला झटका आला, असं कानावर आलंय. नोंद कुठाय?"

सिस्टरने मान खाली घातली. "राहून गेली, साहेब."

"राहून गेली? दूध उतू गेलं का, राहून जायला? कुणाचं बाळ?"

"नाव विचारायचं सुचलं नाही."

"कमाल आहे! नावगाव नसेल तर आम्ही मोजायचं काय, कपाळ?" साहेबांच्या तोंडाचा पट्टा सुटला. रांगेतल्या आया माना वळवून बघू लागल्या. आकडेबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या वयाची बाई चार लोकांत बोलणी खात होती, आणि आपण मुकाट उभ्या. लाज वाटते म्हणजे काय, ते तिला आज कळत होतं.

साहेब आकडेबाईकडे वळले. "अहो, तुम्ही तरी सांगा यांना, एका नोंदीने काय होतं ते!"

"एक नोंद जरी लपली ना, सिस्टर," ती फरशीकडे बघत म्हणाली, "तरी सगळा आलेख खोटा पडतो. मग पुढच्या बाळांचं काय?"

"खरंय, मॅडम."

"उद्यापासून घरी बसा," साहेब म्हणाले. "वर कळवतो मी."

सिस्टरचा चेहरा उतरला. निवृत्ती तोंडावर आलेली. तिने एकदाच आकडेबाईकडे पाहिलं आणि नजर वळवली. 'साहेब, थांबा,' एवढे दोन शब्द आकडेबाईच्या अगदी ओठांवर आले आणि तिथेच राहिले.

साहेब तणतणत गाडीकडे गेले. आकडेबाईने पर्स उचलली, पण पाय उचलेना. सिस्टरनेच पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मला माफ करा," आकडेबाई कशीबशी म्हणाली.

"असू दे हो. तुम्हाला शब्द दिला होता, तो पाळला." सिस्टर जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "तुमच्या बाळाला परत झटका आला नाही ना?"