माफीची बंदूक

मलिक बहादरशेर मेंढा घेऊन दारात उभा राहिला आणि स्पोगमईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माफी मागायला मेंढा घेऊन दारी आलेल्याला पठाणाने हाकलायचं नसतं. मेल्याला ही रीत बरोबर आठवली. पण ऑटोमॅटिक बंदूक कुणी घरात ठेवायची नाही, ठाण्यात जमा करायची, हा सरकारचा हुकूम मशिदीच्या भोंग्यावरून तीनदा सांगितला होता, तो नाही आठवला. त्याच बंदुकीने त्याने मुलाच्या लग्नात आभाळात गोळ्या झाडल्या. त्यातली एक खाली आली, नळावर पाणी भरणाऱ्या पलवशाच्या मानेत. स्पोगमईची सात वर्षांची पोर.

अंगणात खाटांवर गावातले पाच म्हातारे बसले होते. पुरुषांच्या बैठकीत बाईने जायचं नाही, म्हणून स्पोगमई दाराच्या पडद्याआड उभी होती.

"अल्लाची मर्जी," मलिक म्हणाला. "मी काय पोरीवर नेम धरला होता?"

"मग काय आभाळाने मारली तिला?" पडद्याआडून आवाज आला.

म्हातारे चपापले. तिचा नवरा जरवली कसाबसा म्हणाला, "अगं, गप बस. दारी आलेत ते."

"बसते गप. माफीही देते. मेंढा नको मला. म्हणावं, बंदूक ठेवून जा. ती ठाण्यात जाऊ दे."

मलिक हसला. "वहिनी, तीन मेंढे माग, देतो. बंदूक म्हणजे मर्दाची इज्जत. कायदे-बियदे शहरातल्यांना."

"तुझी इज्जत खांद्यावर आणि माझी पोर मातीत! वा रे मर्द!"

म्हाताऱ्यांतल्या हाजीसाहेबांनी काठी आपटली. "खरं बोलतेय ती. ठेव, बहादरशेर."

मलिकने दातओठ खात बंदूक खांद्यावरून उतरवली आणि जरवलीच्या हातात दिली. पोर गेल्यापासून स्पोगमई पडद्याआड पहिल्यांदाच मोकळेपणी रडली.

बाहेर रीतीप्रमाणे मेंढा कापला. जरवली आणि मलिक एकमेकांच्या गळ्यात पडले.

"दिलजमाई झाली!" कुणीतरी ओरडलं. "कळू दे गावाला!"

गावाला कसं कळवतात, ते स्पोगमईला जन्मापासून ठाऊक होतं. पडदा फाडून ती अंगणात धावली. जरवली छाती काढून उभा होता, डोळ्यांत पाणी, बंदूक आभाळाकडे.

"अहो, नको! तुम्हाला माझी शपथ—"

बंदूक कडाडली. थांबेचना. म्हातारे मान डोलावत होते, मलिक टाळ्या पिटत होता.

"पोरं आत घ्या गं!" स्पोगमई गल्लीत जाऊन जिवाच्या आकांताने ओरडली. "आत घ्या पोरं!"

त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? जरवलीकडे आज कसला आनंद झाला ते बघायला बायका पोरांना कडेवर घेऊन गच्चीवर येत होत्या.