आज आपण बसून राहायचं

आमच्या शिलाई कारखान्यात मालक आले की मशीन थांबवून सगळ्यांनी उभं राहायचं. शेवटच्या ओळीत माझ्या शेजारी बसणाऱ्या काकांचे गुडघे पार कामातून गेलेत, तरी तेही टेबलाला धरून कण्हत उठतात. माझं डोकंच सटकलं.

"काका, आज आपण दोघं बसून राहायचं. बघू काय करतात!"

"नोकरी घालवशील माझी," काका हसले. मग म्हणाले, "बरं. तू बसलास तर मी बसेन."

मालक आले. खडाखड खुर्च्या सरकल्या, सगळे उठले. काका सवयीने अर्धवट उठले, मला बसलेलं बघून पुन्हा टेकले. मी खुर्ची घट्ट धरून बसलो बुवा.

आणि उभ्या माणसांच्या मागे आम्ही मालकांना दिसलोच नाही.

"मागचे दोघं आलेच नाहीत का आज? काढून टाका त्यांना!"

"आलोय मालक! इथेच आहे मी!" मी ओरडलो.

बसलेल्या काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, तेव्हा कळलं, मी उभा होतो.