मी असतो तर

पुस्तकातल्या गुरुजींनी गंगीला इतकं बदडलं, की वर्गापुढे वाचता वाचता मंजुषाला डोळे पुसावे लागले. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, शाळा बुडवली, एवढाच त्या पोरीचा गुन्हा.

गंगाखेडच्या बी.एड. कॉलेजात शनिवारी पुस्तकचर्चा असायची. भावी शिक्षकांचं चारित्र्य घडावं म्हणून किशनराव सरांनी ती सुरू केली होती. वाचून झालं की ‘मी असतो तर’ करायचं. तोच प्रसंग, पण गुरुजींच्या जागी आपण असतो तर कसे वागलो असतो, ते सगळ्यांपुढे करून दाखवायचं.

महारुद्र आपण होऊन उठला. लहानपणी त्याच्या गुरुजींनी निरगुडीच्या ओल्या फोकानं त्याच्या पोटऱ्या फोडल्या होत्या. त्यांच्यासारखं व्हायचं नाही, यासाठीच तर तो मास्तर होणार होता, आणि ते येताजाता बोलूनही दाखवायचा. गंगी म्हणून समोर निकिता उभी राहिली.

“बाळ, शाळा बुडवू नये,” तो मायेनं म्हणाला.

“मंग कोयता तुमी धरता का?”

वर्गात खसखस पिकली. महारुद्रही हसला. “शिकलीस तर मोठी होशील.”

“तुमी शिकलात, कुठं मोठे झालात?” निकिता रंगात आली होती. “आन् तुमी मारत न्हाई म्हणं. मंग तुमाला भ्यायचं कशाला?”

आता सगळा वर्ग बाकं बडवून हसायला लागला. किशनराव सरसुद्धा. महारुद्रची कानशिलं तापली. लाज, नुसती लाज वाटली त्याला, आणि तिच्यासरशी हात सुटला.

थप्पड निकिताच्या कानाखाली बसली. ती टेबलावर आदळली, ओठ फुटला. तो थांबला नाही. वेणी धरून त्यानं तिला वर ओढलं आणि पाठीत गुद्द्यांवर गुद्दे घातले. “भ्यायचं कशाला? सांगू? सांगू तुला?”

तिघांनी मिळून त्याला मागं खेचलं.

तो भानावर आला तेव्हा निकिता भिंतीपाशी अंग चोरून बसली होती. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

“निकिता, चुकलं माझं,” म्हणत तिला उठवायला त्यानं हात पुढे केला.

तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

“नका गुरुजी,” ती म्हणाली, “येते मी शाळेत. रोज येते.”