हिरवी रेघ

लहानपणी रिकामी बादली आपटत आई म्हणायची, “आपल्या नळात नुसता वारा गातो गं, पोरी.”

ती पोर आता नगरपालिकेत अभियंता होती. भिंतीवरच्या नकाशात तिच्याच गल्लीची पाइपलाइन हिरवीगार झळकत होती. हिरवी म्हणजे उत्तम.

“इतक्या वर्षांत एकदाही फुटली नाही, की गळली नाही!” मोठे साहेब खुर्चीत फुगले. “या लाइनच्या जिवावर तिथे बिनधास्त रहिवासी टॉवर उठवू. काय बाई, खरं ना?”

टेबलाभोवतीच्या माना पटापट डोलल्या. बढतीपायी तिनेही आजवर तोंड शिवून घेतलं होतं.

“फुटेल कशी, साहेब?” ती म्हणाली. “माझी आई अजून टँकरमागे धावते. ती लाइन टाकीला जोडायलाच तुम्ही विसरलात.”