निर्मनुष्य

कड्यावरून पडलेल्या सुधन्वाला गिरिजा ड्रोनने शोधत होती. पडद्यावर नुसती कपार दिसत होती.

"कुठेच नाहीत गं हे," त्याची बायको ऊर्मी रडकुंडीला आली.

"वहिनी, दिसत नाही तेच बरं. जंगल निर्मनुष्य दिसावं म्हणून हा कॅमेरा उबदार अंगाचा माणूस चित्रातून पुसून टाकतो. देह गार असता तर दिसला असता. ती वानरं बघा, कपारीकडे टक लावून बसलीत. दादा तिथेच आहे."

"मेलं तुमचं यंत्र!" ऊर्मी डोळे पुसत हसली.

सुटकेला उतरणारी माणसंही पडद्यावर नव्हती. नुसते दोर हलत होते. ते कपारीच्या अगदी जवळ आले.

तेवढ्यात रिकाम्या खडकावर हळूहळू एक निळा सदरा उमटू लागला.